आजचं उणं

९ नोव्हेंबर, रविवार

ओवीने आज पहिली भाकर थापली. वय अकरा. ज्वारीचं पीठ नाकाला, कपाळाला, फ्रीजच्या दाराला. भाकर म्हणजे आदिलाबाद जिल्ह्याचा नकाशा, तोही जुना, तेलंगणाने त्याचे चार जिल्हे करायच्या आधीचा. मधे कच्ची, कडेला करपलेली. नानांनी ताट पुढे ओढलं, पूर्ण भाकर खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाले, "वा! बागुंदि! अशी भाकर मी जन्मात खाल्ली नाई."

यात खोटं काही नाही. अशी खाल्ली नसणारच.

बागुंदि म्हणजे तेलुगूत छान. अठ्ठ्याहत्तर वर्षांत माझ्या वडिलांना तेलुगूचे जे पाच-सहा शब्द आले त्यातला हा एक. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून हा शब्द नातीसाठी राखीव आहे.

माझी पहिली भाकर. मीही अकराचीच. आई दवाखान्यात, घरात मी, दादा आणि नाना. नानांनी भाकर उचलून उजेडात धरली. "कडा फाटल्या." बस, एवढंच. अर्धी खाल्ली, अर्धी ताटात तशीच ठेवली. ती उरलेली अर्धी मी बत्तीस वर्षं विसरलेली नाही.

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. मला माझ्या पोटच्या पोरीचा हेवा वाटतो. आज भांडी घासताना एवढा वाटला की तवा जरा जास्तच घासला गेला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

८.१० ची बस चुकली, पुढच्या बसने तामसीला. रस्ताभर कापसाच्या गाड्या. तहसीलच्या दफ्तरात दिवसभर पहाणीच्या, म्हणजे तिकडच्या सातबाराच्या, नकला. तहसीलदार मॅडम म्हणाल्या, सुमनगारू (इथे सगळ्यांना मानाने गारू लावतात), तुमची फाईल उघडली की बरं वाटतं, सगळं जागच्या जागी. मी लगेच, "नाही मॅडम, गेल्या आठवड्यात एक नक्कल मी उलटी लावली होती." त्यांना ते माहीत नव्हतं. आता झालं.

ही सवय कुठली ते मला ठाऊक आहे. याच तामसीतली. नाना इथल्या मराठी शाळेचे हेडमास्तर, आम्ही शाळेमागच्या क्वार्टरमधे. दिवेलागणीला देवापुढे हात जोडून झाले की मी आणि दादा भिंतीला पाठ लावून उभे. नाना खुर्चीत. "हं. आजचं उणं?" दिवसभरात आपलं काय चुकलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. चांगलं काही सांगायचं नाही. "चांगलं दिसते. ते सांगा लागत नाई." आम्ही सांगितलं की ते मान हलवायचे. रागवायचे नाहीत, हात तर कधीच उगारला नाही, हे कबूल करायला हवं. पण उणं लपवलं आणि कळलं, तर त्या रात्री उभ्याने जेवायचं.

दादा वस्ताद. उद्याचं उणं आजच बनवून ठेवायचा. मी आपली खरं शोधत बसायची. शोधायला लागलं की सापडतंच, रोज सापडायचं. दादा आता पुण्यात आहे, वजन नव्वद किलो, स्वतःवर बेहद्द खूश. त्याचाही हेवा वाटतो, पण तो जुना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ओवीच्या शाळेत बालदिन. अर्धी रजा टाकून गेले, नाना सोबत. कोट घातला होता त्यांनी!

ओवी तेलुगू पद्य म्हणणार होती. तीन ओळी म्हटल्या, चौथी विसरली. उभी राहिली, वर पंख्याकडे बघितलं, फिसकन हसली, "सॉरी" म्हणून उतरून आली. नाना उभं राहून टाळ्या वाजवतात. आजूबाजूचे बघतात. मी पर्समधे काहीतरी शोधते.

परत येताना ऑटोवाल्याला, "हमारी नातिन क्या बोली, क्या बोली!" त्याने विचारलं, "नंबर आया क्या?" नाना म्हणाले, "नंबर से क्या होता भाई!"

नंबरने काय होतं म्हणे. सातवीत वक्तृत्वात दुसरी आले होते मी. कप घेऊन क्वार्टरपर्यंत पळत आले. नाना पायरीवर बसलेले. "पह्यला कोन आला?" त्या संध्याकाळी उणं शोधावं लागलं नाही. दुसरी आले, हेच सांगितलं. त्यांनी मान हलवली.

आज ऑटोत खिडकीकडे तोंड करून बसले. ओवी नानांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रवि आला बेल्लमपल्लीहून. खाणीच्या ऑफिसातली नोकरी, आठवड्यातून दीड दिवसाचा नवरा. चहा घेताना सगळं सांगितलं त्याला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाप तुहा, पोरगी तुही. मंग जळून कोनावर राह्यली तू?"

"दोघांवर."

तो हसला. मी नाही हसले. त्याला काय कळणार, त्याचे वडील त्याला राजा म्हणायचे. दहावीत दोनदा नापास झाला तरी राजाच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज मी केलं ते केलं.

दिवा लावून झाला. ओवी टीव्हीकडे निघाली होती, मी म्हणाले, थांब. भिंतीपाशी उभी राहा. आजचं उणं सांग.

"उणं मंजे?"

सांगितलं. तिला खेळ वाटला. विचार करून म्हणाली, "मी पेन्सिल चावली! मिसची नाही, माझीच." आणि खुदखुदली. मी मान हलवली. अगदी तशीच हलली माझी मान, मलाच कळलं.

नानांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. स्वेटर चढवला, मफलर गुंडाळला आणि गच्चीवर गेले. या थंडीत. जेवायला हाक मारली तरी लवकर आले नाहीत.

वळण लागावं म्हणून केलं, असं रविला फोनवर सांगितलं. या वहीत तरी खरं लिहावं. वळणासाठी नाही. मला जे अकराव्या वर्षी मिळालं नाही ते तिला मागायच्या आधी मिळतंय, ते मला बघवत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाचवा दिवस. पहिले दोन दिवस हसत होती, आता हसत नाही. भिंतीला पाठ टेकवते आणि बोटं मोजते. आज म्हणाली, "मला गणिताचं उत्तर येत होतं. पण हात वर नाही केला. चुकलं असतं तर."

मला तिथेच थांबायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले.

उणं झालं की नाना तिला जवळ बोलावतात आणि कशालाही बागुंदि म्हणतात. वेणीला बागुंदि, पाणी आणून दिलं तर बागुंदि. आज मांजर वाटीतलं दूध प्यायलं, त्यालाही वा म्हणाले. एका घरात दोन दुकानं चालू आहेत, समोरासमोर.

मला एकदा तरी म्हणा की. पाणी मीही देते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

शाळेतून फोन. मिसने भेटायला बोलावलं. दफ्तरातून निघाले तेव्हा वाटलं पडली-बिडली की काय.

पडली नव्हती. मिसने इंग्रजीची वही पुढे ठेवली. 'मायसेल्फ' या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. बाकीच्या मुलांनी आवडता रंग, आवडता प्राणी, मोठेपणी डॉक्टर. ओवीने नाव आणि वर्ग लिहून पुढे: मी हळू आहे. मी विसरते. माझी भाकर फाटते. मी पेन्सिल चावते. मला येतं ते मी सांगत नाही. अशा आठ. शेवटची ओळ, अजून आहेत पण जागा संपली.

मिस तेलुगू बाई, तरुण आहे. हळूच विचारलं, "मॅडम, घरी कोणी रागावतं का हिला?" मी म्हणाले, नाही. कोणीच रागावत नाही. खरंच आहे ना. कोणीच रागावत नाही.

आणि एक लिहायचं राहिलं, लिहू नये असं. वही वाचताना, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं. आता ही माझ्यासारखी झाली, असं. त्यानंतर जे वाटलं ते लिहिता येत नाही.

दफ्तरात परतायचं होतं, बसस्टँडवर उगाच दोन बसेस सोडल्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ओवी शिकवणीला गेली तेव्हा नानांपुढे वही ठेवली. इंग्रजी त्यांना वाचता येतं. बोट ठेवून वाचलं, दोनदा. चष्मा काढला.

मी म्हणाले, "तुमीच सुरू केलं होतं हे."

"मी सुरू केलं ते खरं हाय. तू काऊन चालवून राह्यली?"

मग माझा तोल गेला. काय काय बोलले, सगळं आठवत नाही. कप, दुसरा नंबर, अर्धी भाकर. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, भाकरीवरून भांडले. "मले कधी म्हनलं का तुमी? एक डाव? ओवीनं पानी देल्लं तर बागुंदि. मी काय देल्लं नाई तुमाले?"

नानांनी चष्मा पुसला, परत चढवला. मग, "तू माही जिम्मेदारी होती, सुमे. तुले चांगलं म्हनलं असतं अन् तू तिथंच थांबली असती तर? त्याचं भेव वाटे."

"आनि ओवी?"

"ओवी तुही जिम्मेदारी हाय. मी फकत तिचा आजा हाव."

झालं. म्हणजे मी जिम्मेदारी होते म्हणून मला काही नाही, आणि ती नाही म्हणून तिला सगळं. हा कुठला न्याय? एक दिवस तरी मला कोणाची जिम्मेदारी न होता त्यांच्या पुढ्यात बसायचं होतं.

पण भीती वाटायची, हे त्यांनी आज पहिल्यांदाच सांगितलं. ते मला अजून नीट गिळता आलेलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस उणं बंद. मीच बंद केलं, ओवीला काही न सांगता. आज दिवा लावला, तर ही आपणहून भिंतीपाशी जाऊन उभी. म्हटलं, अगं, नको आता. तर म्हणाली, "एक राहिलंय. मोठं आहे. सांगू?"

नाना गच्चीवर होते. म्हटलं, सांग.

"मला तुझा राग येतो. म्हणजे, जेलस वाटतं."

मी कपाळावर हातच मारणार होते. माझा? कशाचा?

"नाना सारखं तुझंच सांगतात. तू दवाखान्यात डबा घेऊन एकटी जायची. तू दिव्याखाली अभ्यास करायची. तू भाकर केली. मला बागुंदि म्हणतात, पण ते मांजराला पण म्हणतात ना. तुझं सांगताना त्यांचा आवाज बदलतो."

विचारलं, भाकरीचं काय सांगतात?

"तू पहिली भाकर केली ना, त्यातली अर्धी ते शाळेत घेऊन गेले होते. सगळ्या मास्तरांना दाखवली. माह्या पोरीनं केली म्हणून." आणि नाक ओढत, "माझी भाकर कुठेच नेली नाही."

तिला जवळ घेतलं. घेतलं म्हणजे ओढलंच. ती आधी लाकडासारखी उभी, मग सैल झाली. आम्ही दोघी एकमेकींवर जळतोय आणि मधे तो म्हातारा, गच्चीत मफलर बांधून.

२ डिसेंबर, मंगळवार

भाकरीचं खरं वाटत नाही. ओवी गोष्टी रचते. किंवा नाना रचत असतील, पोरीसाठी. ताटात उरलेली अर्धी मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे.

नानांना विचारायचं ठरवलं. चहा नेऊन दिला, समोर बसले, आणि विचारलं काय, तर मफलर धुवायचा आहे का.

४ डिसेंबर, गुरुवार

आज दफ्तरात कुमरे मास्तर आले. पहाणीची नक्कल हवी होती. नानांच्या शाळेत होते, आता पंच्याहत्तरीचे, हातात काठी, कानटोपी. मला ओळखलं. "हेडमास्तर सायबाची सुमी ना तू?"

बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. नक्कल काढता काढता, कागदात डोकं घालूनच विचारलं, "मास्तर, नानांनी कधी भाकर आनली होती का शाळेत? मी केलेली?"

म्हातारा खो खो हसायला लागला. "भाकर? हव बा! रुमालात बांधून आनली होती. तास सोडून सगळ्याइले बोलावलं. माही पोरगी अकरा वर्साची हाय, पाहा म्हने. मंग एक एक घास वाटला परसादावानी. आमी खाल्ली. मधात कच्ची होती."

मी मान खाली घालून शिक्का मारत होते. शिक्का दोनदा मारला. हे मॅडमना सांगायचं नाही, ठरवलं.

आनंद व्हायला हवा होता ना? झाला. पण बसमधे बसल्यावर पहिला विचार काय आला, तर कुमरे मास्तरांचा हेवा. त्यांनी ते ऐकलं. सगळ्या मास्तरांनी ऐकलं. भिंतीपाशी उभी होते फक्त मीच, आणि मला कडा फाटल्या तेवढं कळलं.

जेवताना नानांना म्हणाले, "कुमरे मास्तर भेटले आज."

"हं. बरा हाय का?"

"भाकर कच्ची होती म्हने."

नानांचा घास हातातच थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. "होतीच," म्हणाले. मग वरण ओढून घेतलं, भात कालवला आणि म्हणाले, "मधात. कडेनं बरी होती."

कडेनं बरी होती. बत्तीस वर्षांनी. ताट उचलून मोरीपाशी गेले आणि नळ सोडून रडले.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज आणखी काही बोलतील असं वाटलं होतं. नाही. पेपर, मांजर, ओवीची वेणी. बागुंदि.

मिसचा निरोप, ओवीने वर्गात हात वर केला. उत्तर चुकलं. तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी कडाक्याची थंडी. रवि परत गेला. ओवी म्हणाली, आज भाकर मीच. कोणी मधे यायचं नाही.

मी ओट्याला टेकून उभी. नाना स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन. तिने पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकलं, पाणी फिरवलं. उलटली. आणि फुगली! टम्म नाही, पण फुगली, एका अंगाने. ओवीचे डोळे तव्याएवढे झाले. उलथन्याने उतरवली, दोन्ही हातांवर घेतली, उजेडाकडे धरून माझ्यापुढे आणली. नानांपुढे नाही, माझ्यापुढे.

"आई, बघ."

नाना बागुंदि म्हणतील म्हणून मी वाट बघितली. ते म्हणाले नाहीत. ओठ घट्ट मिटून माझ्याकडेच बघत होते.

"छान झाली," मी म्हणाले. खरंच छान झाली होती. खिडकीच्या उन्हात भाकरीची कड दिसत होती, एका जागी बोटभर फाटलेली. मला बघायची नव्हती. पण दिसतं, काय करू, त्रेचाळीस वर्षं दिसत आलंय.

"पण," मी म्हणाले.

म्हणून गेले. पुढचं दातांमागे धरलं. नानांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ओवी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पण काय, आई?"

भाकर तिच्या हातातच होती. वाफ निघत होती, बोटं भाजत असणार. तिने खाली ठेवली नाही.